‘खोली १० किलोमीटर’ म्हणजे नेमकं काय?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजलाय का हे तुम्हालाही पाहता येईल. तुमचा धाकटा भाऊ सर्वेक्षणाच्या कामावर एका निर्जन डोंगराळ भागात तंबूत राहतोय. परवा पहाटे त्याला तोफ उडाल्यासारखा आवाज आला, पाठोपाठ जोराचा हिसका बसला, भांडी खणखणली आणि दोन-तीन सेकंदांत सगळं शांत झालं. तुम्ही मोबाइलवर पाहिलंत तर एका संस्थेच्या यादीत ३.६ चा भूकंप होता, खोली १० किलोमीटर, जागा त्याच्या तळापासून २७ किलोमीटर लांब. तासाभराने दुसऱ्या संस्थेच्या यादीत तोच भूकंप ४.१ चा दिसला. खोली पुन्हा १० किलोमीटर, पण जागा तळापासून फक्त ६ किलोमीटरवर. संध्याकाळी पहिल्या संस्थेने ३.६ चे ३.८ केले. तुम्ही विचारता की हे लोक नुसते अंदाज ठोकतात का, दोघांत खरं कोण, उथळ भूकंप जास्त धोक्याचा असतो का, आणि यानंतर मोठा येणार का.

मी गेली बावीस वर्षं भूकंपलेख वाचण्याचंच काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, तुमच्या चारही प्रश्नांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: यादीतल्या आकड्यावर किती विसंबायचं? याचं उत्तर त्या धक्क्याच्या वेळी ऐकणारे, म्हणजे भूकंपमापक यंत्रं, किती होते, किती लांब होते आणि कोणकोणत्या बाजूंना होते, यावर ठरतं. गजबजलेल्या, यंत्रांनी भरलेल्या प्रदेशात ३.६ चा भूकंप झाला तर त्याची जागा एखाद-दोन किलोमीटरच्या आत सांगता येते. तोच भूकंप निर्जन पठाराखाली झाला तर वीस किलोमीटरची चूक अजिबात नवलाची नाही. यात कोणाचा निष्काळजीपणा असेलच असं नाही.

जागा कशी काढतात ते आधी सांगतो. खडक सरकला की त्यातून मुख्यतः दोन प्रकारच्या लहरी निघतात. पी लहर पुढे धावते. भूकवचाच्या वरच्या भागात तिचा वेग सेकंदाला साधारण ६ किलोमीटर असतो. एस लहर मागून येते, साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने. जितकं लांब जावं तितकं दोघींमधलं अंतर वाढत जातं. जवळच्या भूकंपांसाठी आमचा तोंडी हिशेब ठरलेला आहे: पी आणि एस यांच्यातले सेकंद मोजायचे, त्याला ८ ने गुणायचं, म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर मिळतं. हा हिशेब लक्षात ठेवा, तुमच्या भावासाठी तो पुढे लागणार आहे. वेगवेगळ्या स्टेशनांवर, म्हणजे यंत्रं बसवलेल्या ठिकाणी, लहर कधी पोचली हे कळलं की संगणक एक जागा, एक खोली आणि एक वेळ धरून पाहतो, प्रत्येक स्टेशनावर किती चूक येते ते तपासतो, आणि ती चूक कमीत कमी होईपर्यंत जागा सरकवत राहतो. लुडविग गायगर या शास्त्रज्ञाने ही पद्धत १९१० च्या सुमारास मांडली. आज यंत्रं बदलली तरी बहुतेक ठिकाणी मुळातला विचार तोच आहे.

आता एक मोठं मैदान डोळ्यांपुढे आणा. मधे कुठेतरी फटाका फुटला. ऐकणारे मैदानाच्या चारही कडांना उभे असतील तर आवाज कोणाला आधी आणि कोणाला नंतर ऐकू आला यावरून जागा पक्की बांधता येते. पण सगळे एकाच कडेला रांगेत उभे असतील तर? फटाका थोडा लांब पण थोडा आधी फुटला, की जवळ पण थोडा नंतर, हे त्यांना एकमेकांत ठरवता येणार नाही. रांगेत आणखी पन्नास माणसं उभी केली तरी अडचण तशीच राहील. दुर्गम भागात नेमकं हेच घडतं. यंत्रं जिथे रस्ता, वीज आणि वस्ती आहे तिथे असतात, आणि डोंगराच्या पलीकडे शेकडो किलोमीटर काहीच नसतं.

म्हणूनच तुम्ही दोन्ही पानांवरचा तपशील उतरवून पाठवलात हे फार चांगलं केलंत. पहिल्या संस्थेने १९ स्टेशनं वापरली आहेत आणि ‘गॅप’ २३० अंश आहे. दुसऱ्या संस्थेने १२ च स्टेशनं वापरली, पण गॅप १४० अंश. जवळचं स्टेशन दोघांनाही १५० किलोमीटरच्या आसपास. गॅप म्हणजे भूकंपाच्या जागेवरून चहूकडे पाहिलं तर लागोपाठच्या दोन स्टेशनांमध्ये जो सगळ्यात मोठा मोकळा कोन राहतो तो. २३० अंशांची गॅप म्हणजे अर्ध्याहून अधिक दिशांना ऐकणारं कोणीच नाही. मी स्वतः १८० च्या वरची गॅप दिसली की जागेच्या आकड्यापुढे मनात प्रश्नचिन्ह टाकतो. स्टेशनांची संख्या पाहून बहुतेक लोक पहिल्या यादीवर जास्त विश्वास ठेवतील. मी दुसऱ्या यादीवर ठेवेन. बारा जण, पण दोन्ही अंगांना उभे असलेले, हे एका कडेच्या एकोणीस जणांपेक्षा चांगले.

अर्थात दुसरी यादीही फार भक्कम नाही. जागा पाच किलोमीटरच्या आत खात्रीने सांगायची असेल तर आमच्या क्षेत्रात एक प्रचलित निकष आहे: २५० किलोमीटरच्या आत किमान १० स्टेशनं, गॅप ११० अंशांपेक्षा कमी, आणि निदान एक स्टेशन ३० किलोमीटरच्या आत. निकषात आणखीही बारकावे आहेत, पण तुमच्या भूकंपाला यातली शेवटची अटही पुरी होत नाही. त्यात भर म्हणजे, लहरी कुठल्या वेगाने येतात हे आपण एका सरासरी नमुन्यावरून धरतो. खंडांचं कवच सरासरी ३५ ते ४० किलोमीटर जाड असतं, तर तिबेटसारख्या उंच पठाराखाली ते ७० किलोमीटरच्या आसपास भरतं. नमुना त्या भूभागाला जुळत नसेल तर लहर ठरलेल्या वेळेपेक्षा सेकंदभर मागे-पुढे येते, आणि सेकंदभर म्हणजे सहा ते आठ किलोमीटर. हे सगळं धरलं तर दोन संस्थांच्या जागांमध्ये २२ किलोमीटरचा फरक पडणं मला स्वाभाविक वाटतं.

आता खोलीकडे येतो. लोकांचा सगळ्यात जास्त गैरसमज इथे होतो, म्हणून जरा सावकाश सांगतो.

दोन्ही संस्थांनी १० किलोमीटर लिहिलंय हे पाहून तुम्हाला वाटलं की निदान खोलीबाबत तरी त्यांचं एकमत आहे. खरं म्हणजे दोघांनाही खोली ठरवता आलेली नाही. दोन्ही पानांवर खोलीच्या आकड्याजवळ ‘निश्चित’ अशा अर्थाची खूण आहे बघा. तिचा अर्थ खोली निश्चितपणे कळली असा नसून, विश्लेषकाने ती स्वतः १० वर धरून ठेवली असा आहे. हा शब्द वाचणाऱ्याला नेमका उलटा अर्थ देतो आणि मला तो मनापासून खटकतो. पुराव्यातून खोली निघत नसेल तर गणित भरकटतं. कधी भूकंप जमिनीच्या वर हवेत जातो, कधी ऐंशी किलोमीटर खाली. म्हणून त्या प्रदेशात साधारण जी खोली असते ती धरायची आणि बाकीचं गणित सोडवायचं. खंडांवरच्या उथळ भूकंपांसाठी अमेरिकेची भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था बहुधा १० किलोमीटर धरते. पूर्वी ३३ किलोमीटर धरण्याची रीत होती. त्यामुळे जुन्या याद्यांमध्ये ३३ किलोमीटरवर भूकंपांची अक्षरशः रास पडलेली दिसते, आणि नव्या याद्यांमध्ये १० वर. पृथ्वीच्या पोटात त्या खोलीवर काही विशेष नाही. ती रास आमच्या अज्ञानाची आहे.

खोली का कळत नाही, ते साध्या भूमितीत दिसतं. जवळचं स्टेशन १५० किलोमीटरवर आहे. भूकंप ५ किलोमीटर खोल असेल तर लहरीचा तिरका मार्ग सुमारे १५०.१ किलोमीटर होतो. १५ किलोमीटर खोल असेल तर १५०.७ किलोमीटर. दोन्हींत फरक जेमतेम पाऊण किलोमीटरचा, म्हणजे वेळेत एक दशांश सेकंदाचा. इतक्या लहान भूकंपाची पी लहर त्या अंतरावर पोचते तेव्हा ती वाऱ्याच्या आणि लांबच्या समुद्राच्या थरथरीत बुडालेली असते. हो, समुद्राच्या. महासागरातल्या लाटांमुळे खंडाच्या मधोमधही जमीन सतत काही सेकंदांच्या लयीत हलत असते आणि आमच्या प्रत्येक आलेखात ती दिसते. अशा आलेखात लहर नेमकी कुठे सुरू झाली हे दोन अनुभवी विश्लेषक बघतील तर त्यांच्या खुणांमध्येच पाव-अर्ध्या सेकंदाचा फरक पडेल. एक दशांश सेकंद त्यात कुठून सापडणार? आता हेच स्टेशन १० किलोमीटरवर असतं तर? ५ किलोमीटर खोलीला मार्ग ११ किलोमीटर, १५ किलोमीटर खोलीला १८. फरक सात किलोमीटरचा, एका सेकंदाहून जास्त. तो डोळ्यांनी दिसतो. म्हणून आमचा अंगठ्याचा नियम असा की खोलीवर विश्वास ठेवायचा तर निदान एक स्टेशन, जेवढी खोली असेल साधारण तेवढ्याच अंतरावर हवं.

खोली काढायचे दुसरे मार्गही आहेत. मोठ्या भूकंपात काही लहरी आधी वर जाऊन जमिनीच्या पृष्ठभागावर आपटतात आणि मग लांबच्या स्टेशनाकडे निघतात. थेट आलेली लहर आणि ही आपटून आलेली लहर यांच्यातल्या वेळेवरून खोली चांगली कळते. पण तुमच्या भूकंपासाठी हा मार्ग दोन्ही बाजूंनी बंद आहे. तो लहान आहे, म्हणून लांबवर ती लहर उमटत नाही. आणि उथळ आहे, म्हणून दोन लहरी एकमेकींत मिसळून जातात. मी अशा वेळी आणखी एक गोष्ट शोधतो. भूकंप जमिनीपासून अगदी तीन-चार किलोमीटरच्या आत झाला असेल तर जवळपासच्या स्टेशनांवर सेकंदभराच्या लयीची, पृष्ठभागालगत सरपटत येणारी एक ठळक लहर मागाहून दिसते. ती दिसली तर मी निर्धास्तपणे ‘फार उथळ’ असं टिपण करतो. ती दिसली नाही तर मात्र उलटं अनुमान काढत नाही, कारण डोंगराळ मुलखात ती वाटेतच विरून जाऊ शकते.

माझ्या उमेदीच्या काळातला एक अनुभव सांगतो. एका ओसाड डोंगररांगेत चार-साडेचारचा भूकंप झाला होता. यादीत खोली १० किलोमीटर होती. आम्ही पाच फिरती यंत्रं गाड्यांतून आणि शेवटी खांद्यांवरून तिथे नेली आणि महिनाभर नंतरचे धक्के नोंदवले. ते जवळजवळ सगळे ३ ते ६ किलोमीटर खोलीचे निघाले, आणि यादीतल्या जागेपासून १७ किलोमीटर सरकून एका दरीच्या कडेने ओळीत लागले. नकाशावर तिथे भ्रंश, म्हणजे खडक जिच्यावर सरकतात ती भेग, दाखवलेलाच नव्हता. मूळ यादी ज्यांनी केली त्यांनी हाताशी असलेल्या पुराव्यात चोख काम केलं होतं. पुरावाच तेवढा होता. तेव्हापासून दुर्गम भागातल्या कुठल्याही ठिपक्याभोवती मी मनातल्या मनात एक मोठं वर्तुळ काढतो. तुम्हीही काढा, पंधरा-वीस किलोमीटर त्रिज्येचं.

या वर्तुळाची तुलना खुद्द भूकंपाशी करून पाहा. साडेतीन ते चारच्या भूकंपात भ्रंशाचा जो तुकडा सरकतो त्याची रुंदी काहीशे मीटर असते, फार तर किलोमीटरभर, आणि तो सरकतो एक-दोन ते चार-पाच सेंटिमीटर. एवढीशी हालचाल दीडशे किलोमीटरवरून ऐकून तिचा पत्ता सांगायचा असतो.

मॅग्निट्यूडचं, म्हणजे भूकंपाच्या आकाराच्या आकड्याचं, थोडं वेगळं आहे. बातम्यांत सगळ्यालाच ‘रिश्टर स्केल’ म्हणतात, पण प्रत्यक्षात मोजण्याच्या बऱ्याच पट्ट्या आहेत. चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ मध्ये दक्षिण कॅलिफोर्नियासाठी, एका विशिष्ट यंत्रासाठी जी पट्टी बनवली ती जवळच्या भूकंपांची स्थानिक पट्टी. लांबच्या स्टेशनांवरच्या पी लहरीवरून काढतात ती दुसरी. १९७९ मध्ये थॉमस हँक्स आणि हिरू कानामोरी यांनी मांडलेली, भ्रंशाचा आकार आणि सरक यांच्याशी जोडलेली तिसरी. लहान भूकंपासाठी ही तिसरी पट्टी वापरायला पुरेशी स्वच्छ नोंद बहुतेकदा नसते. तुमच्या दोन संस्थांनी दोन वेगळ्या पट्ट्या वापरल्यात, हे आकड्यापुढच्या अक्षरांवरून दिसतं.

३.६ आणि ४.१ यांत अर्ध्याचा फरक आहे, म्हणजे जमिनीच्या हेलकाव्यात सुमारे तिपटीचा. ऐकायला फार वाटतं. पण एकाच भूकंपासाठी दोन स्टेशनांवरून काढलेल्या आकड्यांत ०.३ चा फरक, म्हणजे दुपटीचा, आम्ही रोज पाहतो. एक स्टेशन कठीण खडकावर असतं, दुसरं गाळावर. एकाकडे लहर सरळ येते, दुसऱ्याकडे तुटक्या खडकांतून. सगळ्यांची सरासरी घेऊन आकडा छापतात. स्टेशनं वाढली की सरासरी हलते, म्हणून ३.६ चे ३.८ झाले. आणि दुर्गम भागातल्या लहान भूकंपात एक छुपा कलही असतो. लांबच्या स्टेशनांपैकी ज्यांना धक्का ऐकू आला तेच हिशेबात येतात. ज्यांच्याकडे तो गोंगाटात बुडाला, म्हणजे जिथे तो क्षीण होता, त्यांचा आकडा येतच नाही. साहजिकच सरासरी वर झुकते. ४.१ मागे हा कल असावा असा माझा कयास आहे. जागेसाठी मी दुसऱ्या संस्थेकडे झुकतो, आकाराच्या बाबतीत पहिल्या संस्थेच्या सुधारलेल्या ३.८ कडे. एकाच यादीवर सगळ्या बाबतींत विश्वास ठेवला पाहिजे असं काही नाही.

आता तुमच्या भावाकडे वळतो. या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जवळचं ‘स्टेशन’ तोच आहे. आमचं यंत्र दीडशे किलोमीटरवर होतं. तो पहिली यादी धरली तरी २७ किलोमीटरवर.

त्याने सांगितलेला तोफेसारखा आवाज खरा आहे, भास नाही. पी लहर जमिनीतून वर येते तेव्हा तिचा काही भाग हवेत आवाज म्हणून शिरतो. माणसाच्या कानाला ऐकू यायला त्यात सेकंदाला वीसहून जास्त कंपनं हवीत. इतकी जलद कंपनं खडकात लांबवर टिकत नाहीत, लवकर विरतात. त्यामुळे स्पष्ट आवाज आला असेल तर भूकंप जवळचा आणि उथळ असण्याकडे माझं मत झुकतं. निर्जन, शांत जागी हे जास्त ऐकू येतं. लोक त्याला स्फोट समजतात, कधी ढगांचा गडगडाट.

दुसरी गोष्ट त्याहून मोलाची आहे. आवाज पी लहरीचा आणि जोराचा हिसका बहुधा एस लहरीचा. दोन्हींमध्ये किती वेळ गेला? मघाचा आठचा हिशेब इथे लावू. पहिल्या संस्थेची जागा खरी असेल, म्हणजे भूकंप २७ किलोमीटर लांब आणि १० किलोमीटर खोल, तर आवाज आणि हिसका यांत तीन सेकंदांहून जास्त अंतर पडायला हवं. माणूस ‘काय झालं?’ म्हणून मान वर करतो, तेवढा वेळ. दुसऱ्या संस्थेची जागा खरी असेल, म्हणजे ६ किलोमीटरवर, तर अंतर दीड सेकंदाच्या आत. भूकंप ४-५ किलोमीटरच खोल असेल तर जेमतेम एक सेकंद. तुम्ही लिहिलंय की आवाज आणि ‘पाठोपाठ’ हिसका, आणि दोन-तीन सेकंदांत सगळं संपलं. हे वर्णन दुसऱ्या जागेशी जुळतं. झोपेतून उठलेल्या माणसाचा वेळेचा अंदाज चुकू शकतो, हे मला मान्य आहे. तरीही एक सेकंद आणि साडेतीन सेकंद यांतला फरक सहसा कळतो. खोली ४ की १०, एवढा बारीक निवाडा मात्र यातून होणार नाही.

एक शंका मी नेहमी तपासतो, ती इथेही सांगून टाकतो. खाणीतला किंवा रस्त्याच्या कामाचा सुरुंगसुद्धा यादीत भूकंप म्हणून शिरतो. सुरुंग बहुधा दिवसा, कामाच्या वेळेत उडतात, त्यात पी लहर जोरकस आणि एस लहर क्षीण असते, आणि सगळ्या स्टेशनांवर जमिनीची पहिली हालचाल वरच्या दिशेने होते, कारण स्फोट सगळीकडे बाहेर ढकलतो. भ्रंश सरकतो तेव्हा काही बाजूंना ढकल आणि काही बाजूंना ओढ दिसते. तुमचा धक्का पहाटेचा आहे आणि तिथे कसलं काम चालू नाही असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा मी ही शक्यता बाजूला ठेवतो.

उथळ म्हणजे जास्त धोक्याचा का? आधी शब्दाचा घोळ दूर करू. शास्त्रात ७० किलोमीटरपर्यंतच्या सगळ्याच भूकंपांना उथळ म्हणतात, ३०० पर्यंत मध्यम, आणि त्याखाली सुमारे ७०० किलोमीटरपर्यंत खोल. त्यामुळे बातमीतल्या ‘उथळ’ या शब्दावरून फारसं काही कळत नाही. पण लहान भूकंप खरोखर दोन-तीन किलोमीटरवर झाला तर थेट वरच्या जागेला जोराचा दणका बसतो. २१ ऑगस्ट २०१७ ला इटलीच्या इस्किया बेटावर अवघ्या ४ च्या आसपासचा भूकंप झाला, खोली सुमारे २ किलोमीटर. कासामिचोला गावात घरं कोसळली आणि दोन जणांचा जीव गेला. ११ नोव्हेंबर २०१९ ला फ्रान्समध्ये ल तेल गावाजवळ ४.९ चा भूकंप झाला. तो इतका उथळ, सुमारे किलोमीटरभर खोलीवर होता की भ्रंश थेट जमिनीपर्यंत फाटला आणि उपग्रहाच्या रडार चित्रांत जमिनीचं सरकणं दिसलं. तुमच्या भावाजवळचा धक्का याहून बराच लहान आहे, त्याची खूण उपग्रहाला दिसेल अशी आशा मी करत नाही. आणि एक मोठा फरक लक्षात घ्या. वरच्या दोन्ही ठिकाणी धोका डोक्यावरच्या जुन्या दगडी बांधकामाचा होता. भाऊ तंबूत आहे. तंबू पडून माणूस मरत नाही.

त्याच्या बाबतीत माझी खरी काळजी दगडांची आहे. कडा, घळ, सुट्या दरडी यांच्या पायथ्याशी तंबू असेल तर तो हलवायला सांगा, आजच सांगा. सुमारे ४ च्या भूकंपानेही सुटे दगड घरंगळू शकतात, आणि परवाच्या हिसक्याने काही दगड आधीच निम्मे सुटलेले असू शकतात. उताराच्या वरच्या अंगाला ताज्या भेगा दिसतात का, रात्री दगड पडल्याचे आवाज येतात का, हे त्याने पाहावं. तंबूत डोक्यापाशी जड पेट्या रचलेल्या असतील तर खाली उतरवाव्यात.

मोठा येईल का, याचं उत्तर कोणीही हो किंवा नाही असं देऊ शकत नाही. तसं छातीठोक सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मी शक्यतेच्या भाषेत बोलू शकतो. कॅलिफोर्नियातल्या नोंदींवरून असं दिसतं की कुठल्याही भूकंपानंतर आठवड्याभरात जवळपास त्याहून मोठा येण्याची शक्यता शंभरात पाच-सहाच्या आसपास असते. ती पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त असते आणि झपाट्याने कमी होत जाते. ‘त्याहून मोठा’ म्हणजे बहुतेक वेळा थोडाच मोठा. प्रत्येक प्रदेशाचा स्वभाव वेगळा, त्यामुळे हा आकडा तसाच तिथे लागू होईल असं मी म्हणत नाही. धक्क्याला आता दोन दिवस होऊन गेले आहेत, हे मात्र दिलासा देणारं आहे. दर थोड्या तासांनी पुन्हा हिसके जाणवू लागले, तेही वाढत्या जोराचे, तर तळ मोकळ्या सपाट जागी नेणं शहाणपणाचं.

तुम्ही घाबरून यादी दर तासाला पाहताय म्हणून हेही सांगतो. जगात ४ ते ४.९ चे भूकंप वर्षाला साधारण दहा ते पंधरा हजार होतात, म्हणजे रोज तीस-चाळीस. ३ ते ३.९ चे वर्षाला एक लाखाहून अधिक असावेत असा अंदाज आहे. अंदाज अशासाठी की त्यातले बहुतेक निर्जन डोंगरांत आणि समुद्राखाली होतात आणि जागतिक यादीपर्यंत पोचतच नाहीत. त्या पठाराखाली असे धक्के पूर्वीही बसले असणार. तिथे तेव्हा तंबूत कोणी नव्हतं, एवढाच फरक.

यादी अजून बदलेल. सध्या पहिल्या संस्थेच्या पानावर ‘तपासलेले’ अशी नोंद आली आहे, म्हणजे स्वयंचलित निकालावर माणसाने नजर टाकली. पण शेवटचा शब्द तोही नाही. ब्रिटनमध्ये १९६४ पासून काम करणारं आंतरराष्ट्रीय भूकंप केंद्र जगभरच्या संस्थांच्या वाचनांची जुळणी करून प्रत्येक भूकंप पुन्हा बसवतं, आणि ती तपासलेली यादी सुमारे दोन वर्षांनी येते. दोन्ही संस्थांची स्टेशनं तिथे एकाच गणितात येतील, म्हणजे मैदानाच्या सगळ्या कडा एकत्र होतील. त्या वेळी जागा आजच्या दोन ठिपक्यांपैकी दुसऱ्याजवळ सरकलेली दिसेल असा माझा अंदाज आहे.

तोपर्यंत भावाचा फोन लागला की त्याला एवढं विचारा आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेवा. आवाज आणि हिसका वेगळे जाणवले का? मधे ‘एक हजार एक, एक हजार दोन’ असं किती मोजता आलं असतं? हिसका खालून वर होता की आडवा? तंबू खडकावर आहे की मऊ मातीवर? मातीवर हेलकावा वाढतो, म्हणून हे लागतं. कामावरचे बाकीचे लोक कुठे होते, आणि त्यातल्या कोणाला काहीच जाणवलं नाही असं झालं का? नंतर लहान हिसके आले का, आणि किती वाजता? सर्वेक्षणाच्या जीपीएसवरून तळाचे अक्षांश-रेखांश घ्यायला सांगा. हे सगळं दोन्ही संस्थांच्या ‘तुम्हाला धक्का जाणवला का’ या पानावर भरा. शहरातून अशी हजारो उत्तरं येतात. त्या पठारावरून ते एकच असेल, आणि विश्लेषकाच्या टेबलावर दोन ठिपक्यांपैकी कोणता ठेवायचा हे ठरवताना त्याचं वजन पडतं.

उत्तरं मिळाली की इथेच लिहा. आवाज आणि हिसका यांतल्या सेकंदांवरून आपण पुन्हा हिशेब करून पाहू.